वाळवंटाच्या वाटेवरील शीतपेटी

मनुष्य घर सोडून प्रवासास निघाला म्हणजे घराचा एखादा तुकडा बरोबर घेतल्यावांचून तो निघत नाहीं. जुन्या काळचा यात्रेकरू तांब्या, सतरंजी आणि दशम्यांचें गांठोडें घेऊन निघे. गोरा अंमलदार तंबूबरोबर मेज-खुर्ची नेई. आणि आजचा ऑस्ट्रेलियन गृहस्थ आपल्या देशाच्या ओसाड अंतर्भागांत मोटार घेऊन शिरला म्हणजे तिच्या पाठीमागच्या भागांत फ्रीज ठेवतो. प्रथम ऐकणाऱ्यास यांत नुसता डामडौल दिसेल. राहावयाचें तंबूंत, भात शिजवावयाचा शेकोटीवर, आणि बरोबर मात्र फ्रीज! परंतु ज्या मुलुखांत एका पेट्रोल-पंपापासून दुसरा पंप चारपांचशें किलोमीटरांवर असतो आणि उन्हाळ्यांत सांवलींतील पारा चाळीस अंश सहज ओलांडतो, तेथें या वस्तूकडे पाहण्याची दृष्टि बदलते. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील ऊडनाडटा या चिमुकल्या गांवीं २ जानेवारी १९६० रोजीं ५०.७ अंश सेल्सियस इतकें तापमान नोंदलें गेलें. २०२२ सालच्या जानेवारींत पश्चिम किनाऱ्यावरील ऑन्स्लो येथें पारा पुन्हां नेमका तेथवरच पोंचला. अशा हवेंत दूध दुपारपर्यंतहि टिकत नाहीं, आणि मांसाची गोष्ट बोलावयासच नको.

येथें कल्पनेनें एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावें, म्हणजे पुढील विवेचन हवेंत राहणार नाहीं. मेलबर्नमध्यें स्थायिक झालेलें एक मराठी जोडपें, त्यांचीं शाळेंत जाणारीं दोन मुलें, आणि पुण्याहून तीन महिन्यांकरितां आलेले आजोबा. सप्टेंबरअखेरच्या सुटींत सिंप्सनचें वाळवंट ओलांडावयाचें असा मुलाचा बेत. या वाळवंटांत वाळूच्या अकराशेंहून अधिक समांतर टेकड्या आहेत. पश्चिमेकडील माउंट डेअर सोडल्यापासून पूर्वेस बर्ड्सव्हिल गांठीपर्यंत सुमारें पांचशें किलोमीटरांत दुकान नाहीं, पंप नाहीं, दवाखाना नाहीं. आणि हें अंतर तोडावयास चार ते सहा दिवस लागतात. भर उन्हाळ्यांत, म्हणजे १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत, तेथील राखीव वनें प्रवाशांना बंदच असतात. परंतु सप्टेंबरच्या अखेरीसहि दुपारीं पारा पस्तिशीच्या पलीकडे जाऊं शकतो. आजोबांना मधुमेह आहे व रोज इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें. डॉक्टरांनीं प्रवासास संमति दिली, परंतु औषधाची शीशी दोन ते आठ अंशांच्या दरम्यान राहिलीच पाहिजे, असें निक्षून बजावलें. आतां या घराला फ्रीज विकत घ्यावयाचा आहे. दुकानांत पन्नास तऱ्हा मांडलेल्या आहेत. बाहेरून सगळ्या पेट्या सारख्याच देखण्या. किंमतींत मात्र दहापटींचा फरक. त्यांतून निवड कशी करावी?

ऑस्ट्रेलियांत हा प्रश्न आजचा नाहीं. १८९२ सालीं पश्चिम भागांत कूलगार्डी येथें सोनें सांपडलें आणि हजारों लोक त्या निर्जल प्रदेशांत लोटले. तेथें आर्थर मॅक्कॉर्मिक नांवाच्या गृहस्थानें अन्न टिकविण्याची जी युक्ति काढली ती ‘कूलगार्डी सेफ’ म्हणून त्या देशांत प्रसिद्ध आहे. लांकडी सांगाड्याचें कपाट, त्याच्या चारी बाजूंस गोणपाट, माथ्यावर पाण्याचें पत्र्याचें ताट, आणि त्या ताटांतून कपड्याच्या पट्ट्यांवाटे झिरपणारें पाणी. वारा लागला कीं गोणपाटांतील पाणी उडून जाई आणि आंतली हवा थंड होई. उन्हाळ्यांत दारावर वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपणाऱ्या आपल्या लोकांना यांत नवल वाटणार नाहीं; माठाचीच ही चौकोनी बहीण. अडचण एवढीच कीं, कूलगार्डीस पाणीच दुर्मिळ होतें. पर्थजवळील मंडारिंगच्या धरणापासून सुमारें ५३० किलोमीटरांवरून नळानें पाणी आलें तें १९०३ सालीं.

यंत्रानें थंडी उत्पन्न करण्याच्या विद्येंतहि या देशाचा वांटा मोठा आहे. जिलाँग येथील वृत्तपत्राचा संपादक जेम्स हॅरिसन यानें ईथरची वाफ दाबून पुन्हां तिचें द्रव करावयाचें आणि तो द्रव उडूं देऊन बर्फ बनवावयाचें यंत्र सिद्ध केलें, व १८५६ सालीं इंग्लंडांत त्याचें पेटंट घेतलें. आजचा घरगुती फ्रीज तत्त्वतः त्याच घराण्यांतला. परंतु याच हॅरिसनची पुढील कथा प्रवासी फ्रीज घेणाऱ्यानें अवश्य ऐकावी. १८७३ सालीं त्यानें ‘नॉरफोक’ नांवाच्या जहाजावरून गोठविलेलें मांस लंडनला धाडलें. जहाजावर यंत्र न ठेवतां बर्फ व मीठ यांवर त्यानें भिस्त ठेविली. वाटेंत टांक्या गळूं लागल्या, थंडी टिकली नाहीं, आणि मांस नासलें. यंत्रविद्येंत पारंगत असलेला मनुष्य प्रवासाच्या धकाधकीपुढें हरला, व त्यांत त्याचें दिवाळें वाजलें. जमिनीवर स्थिर असलेली वस्तु आणि हलत्या वाहनांतील वस्तु यांच्या कसोट्या निराळ्या असतात हें त्या दुर्दैवी संपादकाला फार महाग पडून कळलें.

बर्फाच्या पेटीचा विचार प्रथम उरकून टाकावा, कारण ती सर्वांत स्वस्त. एक किलो बर्फ वितळतांना सुमारें ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. चांगल्या जाड भिंतींच्या पेटींतहि बाहेरची उष्णता आंत शिरत असतेच. ती केवळ वीस वॅट धरली तरी चोवीस तासांत पांच किलोहून कांहींसा अधिक बर्फ तिच्या पोटीं खर्चीं पडतो. सहा दिवसांचा हिशेब तीस किलोंवर गेला. एवढा बर्फ पेटींत भरल्यावर अन्न कोठें ठेवावयाचें? शिवाय वितळलेल्या पाण्यांत पनीर पोहूं लागतें, लोण्याचा डबा बुडतो, आणि कोथिंबिरीची तर दशाच होते. दोन दिवसांच्या सहलीस बर्फाची पेटी उत्तम आहे व तेथें फ्रीजवर पैसा घालणें हा अपव्यय होय. परंतु वाळवंटाला ती पुरत नाहीं.

फ्रीजांच्या मुख्य जाती तीन. पहिली जात ज्योतीवर चालणाऱ्यांची. थंडी करावयास आग लावावयाची, हें ऐकून हंसूं येतें खरें. परंतु १९२२ सालीं स्टॉकहोमच्या बाल्टझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनीं अमोनिया, पाणी आणि हैड्रोजन यांच्या साह्यानें ती करामत सिद्ध करून दाखविली. या फ्रीजांत हालता भागच नाहीं, त्यामुळें आवाज नाहीं. गॅसच्या एका टांकीवर ते कित्येक दिवस चालतात. ऑस्ट्रेलियांतील दूरदूरच्या गुरांच्या वाड्यांवर रॉकेलवर चालणाऱ्या अशा फ्रीजांनीं पुष्कळ वर्षें इमानानें सेवा केली आहे. परंतु ते समपातळीवर ठेवावे लागतात. तिरपे झाले कीं आंतील द्रवाचा प्रवाह अडतो. धांवत्या गाडींत ज्योत पेटती ठेवणें धोक्याचें. आणि हवा चाळीस अंशांवर गेली म्हणजे त्यांचें बळ ओसरतें. नदीकांठीं आठ दिवस एकाच जागीं मुक्काम ठोकणाऱ्यास ते सोयीचे. वाळूच्या टेकड्या चढणाऱ्यास नव्हेत.

दुसरी जात दुकानांत सर्वांत स्वस्त मिळते व तीच सर्वांत अधिक फसविते. दोन निराळ्या धातूंच्या सांध्यांतून वीज वाहूं लागली कीं एक सांधा थंड व दुसरा गरम होतो, हें पेल्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८३४ सालीं दाखवून दिलें. त्या तत्त्वावर चालणारी पेटी हलकी असते, सिगारेट पेटविण्याच्या खांचेंत तिची वायर बसते, आणि पेटीवर तिला ‘कूलर’ असें मोघम नांव छापलेलें असतें. ती बाहेरच्या हवेपेक्षां फार तर वीसएक अंशांनीं आंतली हवा थंड करते. सरळ वजाबाकी आहे: बाहेर अडतीस असतील तर आंत अठरा. अठरा अंशांवर लिंबाचें सरबत गोड लागेल. दूध मात्र फाटेल व इन्सुलिन धोक्यांत येईल. बरें, वीज तरी वांचते म्हणावें, तर तेंहि नाहीं. ही पेटी बहुधा क्षणभरहि विसांवा न घेतां चार-पांच अँपिअर ओढीत राहते. म्हणजे एका दिवसांत शंभर अँपिअर-तासांच्या घरांत.

उरली तिसरी जात, ती कॉम्प्रेसरची. आणि लांबच्या ओसाड वाटेवर निवड करावयाची ती हिच्यांतूनच. घरांतील फ्रीजचेंच हें लहान भावंड, परंतु बारा किंवा चोवीस व्होल्टांवर चालणारें व गाडी कांहींशी कलती झाली तरी न रुसणारें. यांतहि पोटभेद आहेत. पूर्वी डॅनफॉस व अलीकडे सेकॉप या नांवानें निघणारे, वेग कमी-अधिक करतां येणारे कॉम्प्रेसर अनेक निरनिराळ्या कंपन्यांच्या पेट्यांत बसविलेले आढळतात. जपानच्या सावाफुजी कारखान्याचा कॉम्प्रेसर निराळ्या धाटणीचा; त्यांत चाक फिरत नाहीं, एकच दांडा पुढें-मागें झुलतो. हालता भाग एकच, त्यामुळें झिजावयाचेंहि थोडें. ऑस्ट्रेलियांत वीस-वीस वर्षें चाललेल्या अशा पेट्यांविषयीं लोक घरच्या जुन्या गाईविषयीं बोलावें तसे जिव्हाळ्यानें बोलतात. याउलट, पेटी चकचकीत आणि आंतील कॉम्प्रेसर कोणी बनविला हें दुकानदारासच सांगतां येत नाहीं, असाहि माल बाजारांत विपुल आहे. त्यांतला सगळाच वाईट असतो असें नाहीं. परंतु विक्रेत्याला दोन प्रश्न अवश्य विचारावे: आंत कॉम्प्रेसर कोणाचा आहे, आणि तो बिघडला तर ॲलिस स्प्रिंग्ज किंवा पोर्ट ऑगस्टा येथें त्याचा सुटा भाग मिळेल काय? दुसऱ्या प्रश्नाला जो विक्रेता केवळ हमीचा छापील कागद पुढें करील त्याच्या दुकानाचा लौकर निरोप घ्यावा. कारण हमीप्रमाणें नवा फ्रीज मिळतो तो मेलबर्नला परत आल्यावर.

मोबाइल फोनवरून तापमान बदलण्याची सोय, झाकणाखालीं रंगीत दिवे, पेटीच्या अंगावर फोन ‘भरण्याचें’ भोंक, इत्यादि अलंकारांसाठीं अधिक पैसे मोजूं नयेत. भिंतीची जाडी किती, झाकणाच्या कडेचें रबर घट्ट बसतें कीं नाहीं, कडी व बिजागिरी धातूची आहे कीं प्लॅस्टिकची, हें पाहणें बरें. झाकण मिटतांना त्यांत कागदाचा कपटा धरावा. तो ओढल्यावर सहज निसटला तर थंडीहि तशीच निसटेल.

या सुमारास आजोबांनीं विचारलेला प्रश्न सर्वांत मार्मिक आहे. “अरे, दिवसा गाडी चालते तोंवर ठीक. पण रात्रीं गाडी बंद असतांना हें यंत्र चालायचें कशावर?” मुलगा म्हणतो, “बाबा, गाडीच्या बॅटरीवर.” “आणि सकाळीं गाडी सुरू व्हायची कशावर?” या दुसऱ्या प्रश्नावर मुलगा निरुत्तर होतो, आणि खरोखर फ्रीजच्या नांवानें लोक जीं गाऱ्हाणीं सांगतात त्यांतील निम्मीशिम्मी फ्रीजचीं नसून विजेचीं असतात.

हिशेब असा. चाळीस लिटरचा चांगला फ्रीज चालू असतांना तीन-चार अँपिअर घेतो. परंतु तो अखंड चालत नाहीं, थंड झाला कीं थांबतो. बाहेर पंचवीस अंश असतां त्याची तासाची सरासरी एक अँपिअरच्या आसपास पडते. दिवसाकांठीं पंचवीस-तीस अँपिअर-तास झाले. हवा पस्तीस-चाळीस अंशांवर गेली, झाकण वारंवार उघडलें, किंवा मुलांनीं सरबताच्या कोमट बाटल्या आंत कोंबल्या, तर हाच खर्च दीडपट-दुपटीवर जातो. जाहिरातींत छापलेला आंकडा बहुधा मंद हवेचा असतो. तो किती अंशांच्या हवेंत मोजला, हें विचारल्यावांचून त्याला अर्थ नाहीं. गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीवर रात्रभर एवढा भार टाकणें म्हणजे वाळवंटांत मुक्कामाची मुदत आपण होऊन वाढवून घेणें. म्हणून फ्रीजसाठीं दुसरी, स्वतंत्र बॅटरी हवी. शिशाची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी असली तर तिच्यांतील निम्मीच वीज वापरावी, नाहीं तर तिचें आयुष्य घटतें. वजन मात्र तीस किलोंच्या घरांत. लिथियमची त्याच क्षमतेची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत खुशाल रिकामी करावी. वजन निम्म्याहून कमी, किंमत अधिक. परंतु ती शून्याखालील थंडींत भरूं नये, आणि मध्य ऑस्ट्रेलियांत हिंवाळ्याच्या रात्रीं पारा शून्याखालीं जातो. त्याचप्रमाणें इंजिनाशेजारच्या तापांत ती ठेवणेंहि बरें नव्हे. नव्या मोटारींचे विजेचे जनित्र हात राखून वीज देणारे असतात. त्यांच्याकडून दुसरी बॅटरी पुरी भरून घ्यावयास मध्यें एक छोटें भरणयंत्र बसवावें लागतें. एके ठिकाणीं दोन दिवस मुक्काम असेल तर सूर्याचें साह्य घ्यावें. एकशें वीस वॅटांचें पॅनेल पांच तासांच्या चांगल्या उन्हांत, सगळी गळती वजा जातां, सुमारें चारशें वॅट-तास देतें, म्हणजे तीसपस्तीस अँपिअर-तास. फ्रीजचा दिवसाचा खर्च जवळजवळ निघाला. गाडी सांवलींत व पॅनेल उन्हांत, एवढी लांब तार मात्र असावी.

तारेचा उल्लेख झालाच आहे, तर तिच्यापाशीं थोडें थांबलें पाहिजे, कारण ही बाब क्षुद्र वाटते आणि प्रवासाचा नाश करते. बॅटरी पुढें, फ्रीज मागें. मधलें अंतर सहा मीटर. जाऊन-येऊन तार बारा मीटर. ती तांब्याची तार एक चौरस मिलिमीटर जाडीची असली तर पांच अँपिअर वाहतांना एक व्होल्टाहून अधिक दाब वाटेंतच जिरतो. सहा चौरस मिलिमीटर असली तर व्होल्टाच्या पांचव्या हिश्शाहूनहि कमी. आतां फ्रीजमध्यें अशी योजना असते कीं, दाब ठराविक मर्यादेखालीं उतरला कीं बॅटरी वांचविण्यासाठीं फ्रीजनें स्वतःच बंद पडावें. बॅटरी भरलेली आहे, फ्रीज निर्दोष आहे, परंतु तार बारीक. फ्रीजला वाटतें बॅटरी संपली, आणि तो मध्यरात्रीं मुकाट्यानें डोळे मिटतो. सकाळीं घरधनी उठतो तों दूध कोमट! मोटारीच्या बरोबर येणारी सिगारेट-खांचेची वायर बहुधा अशीच कृश असते, आणि तिची खुंटी हादऱ्यांनीं सैल होते ती निराळीच. तेव्हां जाड तार, स्वतःचा फ्यूज, आणि फिरवून घट्ट होणारी किंवा दाबून अडकणारी खुंटी, या तीन वस्तूंवर कसर करूं नये. एक गोम आणखी. ऑस्ट्रेलियन दुकानांत ‘सहा मिलिमीटरची मोटारीची तार’ मागितली तर जी मिळते तिचें माप रबरासकट बाहेरच्या व्यासाचें असतें. आंतलें तांबें सुमारें साडेचार चौरस मिलिमीटर किंवा त्याहूनहि कमी निघतें. सोनाराकडे वजन करतांना लाख काढून करावें, तसें येथें तांबेंच मोजून घ्यावें.

रस्त्याविषयीं कांहीं शब्द. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांतील मातीच्या रस्त्यांवर चाकांच्या माऱ्यानें आडव्या वळ्या पडतात. पन्हळी पत्रा पसरून ठेवावा तसा रस्ता दिसतो, आणि अशा पन्हळीवरून शेंकडों किलोमीटर गाडी थरथरत जाते. विलूना ते हॉल्स क्रीक हा सुमारें १८५० किलोमीटरांचा कॅनिंगचा गुरांचा मार्ग घ्या, किंवा मारी ते बर्ड्सव्हिल हा ५१७ किलोमीटरांचा मार्ग घ्या, थरथराट चुकत नाहीं. फ्रीजमधील ॲल्युमिनियमचे डबे एकमेकांवर घांसून अक्षरशः भोकें पडतात आणि पेय तळाशीं सांडून राहतें. कांचेच्या बाटल्यांचें काय होत असेल हें सांगावयास नको. अनुभवी प्रवासी डब्याडब्यांमध्यें जुने मोजे घालतात (धुतलेले, अशी आशा आहे). भरलेल्या फ्रीजचें वजन चाळीस-पन्नास किलो होतें. गाडीला अचानक ब्रेक लागला तर असा बोजा मागच्या बाकावरील मुलांवर तोफेच्या गोळ्यासारखा जाऊन आदळेल. म्हणून तो चार कोपऱ्यांस पट्ट्यांनीं गाडीच्या सांगाड्याशीं बांधलेला असावा. बाहेर ओढण्याच्या सरकत्या फळीवर ठेवला असल्यास त्या फळीची कडी दर मुक्कामाला पाहावी. फ्रीज आंतली उष्णता बाहेर फेंकतो. ज्या जाळीवाटे ती निघते तिच्यावर अंथरुणें रचलीं तर तीच उष्णता त्याला पुन्हां गिळावी लागते. या एका चुकीनें पुष्कळ चांगलीं यंत्रें बदनाम झालीं आहेत.

आकार किती असावा? पांच माणसांना, सहा दिवसांसाठीं, चाळीस ते पन्नास लिटर पुरेत. याहून मोठा घेतला तर रिकाम्या जागेला थंड करीत बसावें लागतें. बटाटे, कांदे, लोणचें, तूप, पिठें यांना फ्रीजची गरज नाहीं. एका बाजूस थंड व दुसऱ्या बाजूस गोठण असे दोन कप्पे असलेला फ्रीज मोहक दिसतो. परंतु उणें अठरा अंश राखावयास वीज फार लागते, आणि आईसक्रीमच्या हौसेपायीं इन्सुलिनची वीज खर्चणें शहाणपणाचें नाहीं. निघण्याच्या आदल्या दिवशीं घरच्या विजेवर फ्रीज थंड करून घ्यावा व आंत जें घालावयाचें तें आधींच थंड केलेलें असावें. पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्यानें मात्र फळें, भाज्या व मध यांची चंगळ करूं नये. राज्याच्या सीमेवर तपासणी असते आणि आंब्याच्या फोडी पाहरेकऱ्यासमोर खाऊन संपवाव्या किंवा टाकून द्याव्या लागतात.

शिजलेलें उरलेलें अन्न, दूध, मांस हीं पांच अंशांच्या आंत राखावीं, असा त्या देशांतील अन्नखात्याचा दंडक आहे. पांच अंशांच्या वर एकंदर चार तास गेलेला पदार्थ सरळ टाकून द्यावा. परंतु औषधाची गोष्ट याहून नाजुक आहे, कारण तेथें भय दोन्ही बाजूंस आहे. उष्णतेनें इन्सुलिनचें बळ हळूहळू घटतें. परंतु तें एकदां गोठलें तर वितळल्यावर पूर्ववत् स्वच्छ दिसत असूनहि निरुपयोगी होतें व टाकून द्यावें लागतें. प्रवासी फ्रीजचा तळ आणि भिंती मधल्या जागेपेक्षां पुष्कळ थंड असतात. आंकडा चार दाखवीत असतां भिंतीला टेकलेली शीशी गोठूं शकते. म्हणून शीशा फडक्यांत गुंडाळून, डब्यांत घालून, वरच्या जाळीच्या टोपलींत मध्यभागीं ठेवाव्या, आणि त्यांच्याजवळ किमान व कमाल तापमान लक्षांत ठेवणारा स्वतंत्र थर्मामीटर असावा. फ्रीजच्या तोंडावरील आंकड्यावर औषध सोंपवूं नये. सगळा सांठा एके ठिकाणींहि ठेवूं नये. पाणी शोषून फुगणाऱ्या स्फटिकांची कापडी पिशवी बाजारांत मिळते. ती भिजवून ठेवली कीं बाष्पीभवनानें आंतली शीशी कित्येक तास बेताची थंड राहते. चालूं वापरांतली शीशी साधारणपणें पंचवीस-तीस अंशांखालीं सुमारें चार आठवडे टिकते (नेमकी मर्यादा औषधाच्या वेष्टनावर छापलेली असते), त्यामुळें फ्रीज बंद पडलाच तर ही पिशवी वेळ निभावून नेते. यंत्राच्या पाठीशीं शेवटीं पुन्हां कूलगार्डीचें गोणपाटच उभें राहिलें, हें ऐकून मॅक्कॉर्मिकला आनंद वाटला असता!

संकट आलेंच तर त्या मुलुखांत विमानानें येणारे डॉक्टर आहेत. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकानें १९२८ सालीं क्लॉनकरी येथून ही सेवा सुरू केली, आणि पुढच्याच वर्षापासून आल्फ्रेड ट्रेगर याच्या पायानें फिरवावयाच्या बिनतारी यंत्रामुळें एकाकी वाड्यांना डॉक्टरांशीं बोलतां येऊं लागलें. आतां त्याची जागा उपग्रहाच्या फोननें घेतली आहे व तो बरोबर असावाच. परंतु टेकड्यांच्या रांगांत विमान कोठेंहि उतरत नाहीं. बोलणें तत्काळ होईल, शीशी मात्र तत्काळ येणार नाहीं.

म्हणून खरेदीनंतर निघण्यापूर्वी घरींच एक परीक्षा घ्यावी. फ्रीज गाडींत जेथें बसावयाचा तेथेंच बसवावा, त्याच तारेनें त्याच बॅटरीस जोडावा, आंत पाण्याच्या बाटल्या भराव्या, आणि गाडी अंगणांत उन्हांत दोन दिवस व दोन रात्रीं उभी करावी. इंजिन सुरू करूं नये. एक थर्मामीटर तळाशीं, एक टोपलींत. सकाळीं, दुपारीं व रात्रीं दोन्हींचे आंकडे आणि बॅटरीचा दाब लिहून ठेवावा. दुसऱ्या पहांटे फ्रीज बंद आढळला तर दोष तारेंत आहे कीं बॅटरींत हें अंगणांतच कळेल, आणि दुकानहि दहा मिनिटांवर असेल. मेलबर्नच्या थंड हवेंत ही परीक्षा सौम्य होते हें खरें. त्यासाठीं गाडीच्या कांचा बंद ठेवाव्या, म्हणजे आंत वाळवंट आपोआप तयार होतें.

वर कल्पिलेल्या घरांत हें नोंदींचें काम आजोबांकडे जाणार हें उघड आहे. निवृत्त मनुष्याच्या हातीं वही व पेन्सिल दिली कीं त्यांत खाडाखोड होत नाहीं. पहिल्या रात्रीं तळाचा आंकडा उणें एकावर गेलेला पाहून ते मुलाला उठवतात, फ्रीजचा कांटा दोन अंशांनीं वर घेतला जातो, आणि दुसऱ्या दिवशीं टोपलींतील नोंद किमान साडेतीन, कमाल साडेसहा अशी येते. मग वायरची खुंटी एकदां ओढून पाहिली जाते, पट्ट्या आंवळल्या जातात, आणि इन्सुलिनचा डबा सर्वांत शेवटीं, गाडी निघतांना, आंत ठेवला जातो.